सशाला न आवडणारी झाडं

"अण्णा! अरे अण्णा! मटार गेला!"

अक्काची हाक परसातून आली तेव्हा अण्णा आरशासमोर दाढी करत होता. कुणीतरी गेलं एवढंच त्याच्यापर्यंत पोचलं, आणि या वयात सकाळी सकाळी कुणी गेल्याची बातमी आली की माणूस पुढचं काही विचारत नाही, मुकाट्याने चपला शोधतो. एका गालावर साबण घेऊन तो तसाच बाहेर आला. गेलेला मटार आहे हे बघून त्याचा जीव भांड्यात पडला. अक्काचा मात्र पडला नव्हता. ती वाफ्याच्या कडेला कमरेवर हात ठेवून उभी होती. काल संध्याकाळपर्यंत तिथे वीतभर उंचीची कोवळी रोपं होती. आता नुसते बुडखे उरले होते, आणि तेही कात्रीने कापल्यासारखे एका रेषेत. मधोमध काळ्या लेंड्या पडल्या होत्या.

"ससा," अण्णाने निदान केलं.

"ते मलाही दिसतंय. डोळे शाबूत आहेत माझे. आता मी छोटूला काय तोंड दाखवू?"

छोटू म्हणजे दोघांचा धाकटा भाऊ. साठी उलटली, डोक्यावरचे केस गेले, तरी घरात तो छोटूच. दूरच्या शहरात एका मोठ्या ग्रंथालयात त्याचा जन्म गेला. लग्न केलं नाही, एकटा राहिला. अलीकडे मोठं आजारपण झालं, ऑपरेशन झालं, त्यातून उठला. पण जेवण तुटलं ते तुटलंच. "सगळं कागदासारखं लागतं गं, अक्का," तो फोनवर म्हणाला होता. तुला काय खावंसं वाटतं, असं अक्काने दहा वेळा विचारल्यावर तो म्हणाला, "मटार. वेलीवरचा. तोडायचा आणि तिथेच उभ्या उभ्या खायचा, लहानपणी खायचो तसा."

डॉक्टर त्याला प्रवासाची परवानगी देईपर्यंत शेंगा भरल्या असत्या. अक्काने फोन ठेवला आणि तशीच बियाणं आणायला गेली होती. आईच्या माघारी छोटूच्या पोटाची काळजी ही आपली नेमणूक आहे, असं ती धरून चालत असे. आणि त्या नेमणुकीवर आता ससा येऊन लेंड्या टाकून गेला होता.

अक्का आणि अण्णा आपापले संसार आटोपून, जोडीदारांना निरोप देऊन, मुलं आपापल्या वाटेला लागल्यावर आईवडिलांच्या या घरात परत आले होते. गिरणीने कामगारांसाठी बांधलेल्या घरांची एक रांग, तिच्यातलं हे शेवटचं घर. दोन खोल्या, मागे परसाचा लांबट पट्टा आणि त्यापलीकडे माळ. गिरणी बंद पडून जमाना झाला होता. आई सूतखात्यात होती, बाबा मागखात्यात. पुढे आईच्या जागी अक्का लागली आणि बाबांच्या जागी अण्णा. शंभर मागांच्या खडखडाटात ज्यांचं आयुष्य जातं त्यांना साधं बोलता येत नाही, हाकाच मारता येतात. अक्काने अण्णाला "मीठ दे" म्हटलं की रांगेतल्या पहिल्या घरातली बाई मिठाच्या बरणीकडे बघायची. अण्णाच्या बाबतीत तर, निवृत्त होताना गिरणीने त्याचा एक कान ठेवूनच घेतला, असं तो स्वतः सांगायचा.

"तारेची जाळी मारू," अण्णा साबण पुसत म्हणाला.

"बाबांनी कधी मारली होती जाळी?"

"नाही."

"मग? तेव्हा ससे नव्हते का?"

"होते की. माळावर डझनाने उड्या मारायचे."

"आणि बाबांचा मटार कधी सशाने खाल्लेला आठवतोय?"

अण्णाने आठवून पाहिलं. नव्हता आठवत. ससेही आठवत होते, मटारही आठवत होता, पण दोघांची भेट झाल्याचं काही आठवत नव्हतं.

"झाडं होती बाबांची," अक्काचा आवाज एकदम मऊ झाला, म्हणजे शेजारच्या घरापुरताच राहिला. "वाफ्याच्या कडेने काहीतरी उग्र वासाचं लावायचे. ससा वासानेच माघारी फिरायचा. पाळी संपवून आले की हातपाय धुऊन पहिले परसात. आईसुद्धा चहाचा कप घेऊन वेलींच्या पलीकडे उभी असायची. किती वेळ असायचे रे दोघं!"

"अंधार पडेपर्यंत," अण्णा म्हणाला. बाबांची मळकी टोपी, ओल्या मातीचा वास, गिरणीच्या भोंग्यानंतर येणारी ती तासाभराची मोकळीक, सगळं त्याच्या डोळ्यांपुढे आलं. दोघं भावंडं काही क्षण त्या बुडख्यांकडे बघत उभी राहिली.

तेवढ्यापुरतं त्यांचं एकमत होतं. ते फार टिकलं नाही.

"लसूण!" अण्णा म्हणाला.

"झेंडू!" अक्का त्याच क्षणी म्हणाली.

"झेंडू कुठला? लसूणच. मीच लावायचो बाबांबरोबर. हाताला इतका वास यायचा की शाळेत बाई मला दाराजवळ बसवायच्या."

"त्या तुला वेगळ्या कारणाने दाराजवळ बसवायच्या. झेंडूच होता. मी रोज पाणी घालायचे."

"तू पाणी घालायचीस ते टाकीजवळच्या झेंडूला!"

"आणि तू लसूण उपटायचास तो शेजारच्यांच्या वाफ्यातला!"

दुपारपर्यंत हा प्रश्न सुटला नाही. शेवटी गिरणीतले संप जसे मिटायचे तसाच हाही मिटला. दोन्ही बाजूंना आपण जिंकलो असं वाटेल अशी तडजोड झाली. बाहेरून लसणाची ओळ, आतून झेंडूची, आणि मध्ये पुन्हा पेरलेला मटार.

रस्त्याच्या कोपऱ्यावर एक नर्सरी होती. रोपं आणायला दोघं तिथे गेले तेव्हा नर्सरीवाल्याला हसू आवरेना.

"अक्का, अहो, सशाला काय कळतंय? भूक लागली की तो दोरीसुद्धा खातो. जाळी घेऊन जा."

"आमच्या वडिलांच्या वाफ्याकडे ससा फिरकला नाही," अक्का म्हणाली. "जाळी नव्हती."

"असेल बुवा," नर्सरीवाला म्हणाला. गिऱ्हाईक आपल्याच वडिलांचं नाव सांगायला लागलं की वाद घालू नये, एवढा धंदा त्याला कळत होता.

मग कामाला जोर आला. अण्णाने लसणाची ओळ सुतळी बांधून आखली. मागावरचा ताणा असावा तशी ती सरळ होती, आणि तिच्या शेजारी अक्काच्या झेंडूची ओळ बघून त्याला त्रास व्हायला लागला.

"ही ओळ आहे की वरात?"

"फुलझाडं आहेत ती, कवायत नाही करायची त्यांना!"

"दाट झालीत. पातळ कर."

"तुझा लसूण आधी उगवू दे, मग मला शिकव!"

सकाळी चहा झाला की दोघं परसात. दुपारी जरा डोळा लागला की पुन्हा परसात. पाणी कुणी जास्त घातलं, खत कुणी कमी घातलं, मटाराच्या काटक्या बाबा तिरक्या रोवायचे की उभ्या, आई बी भिजवून पेरायची की कोरडं, प्रत्येक गोष्टीला दोन आठवणी होत्या आणि दोन्ही एकमेकींशी भांडत होत्या. पण ससा आला नाही. रोपांनी काटक्या पकडल्या, त्यावर चढली, तरी ससा आला नाही. माळाच्या कडेला कधीतरी दोन कान उभे दिसत आणि लगेच गवतात बुडत.

"बघितलंस? बाबांची युक्ती!" अक्का म्हणाली.

"लसणाची कमाल आहे," अण्णा म्हणाला.

इथे खरं तर दोघांनी थांबायला हवं होतं. पण यश आलं की त्याचा मालक कोण हा प्रश्न येतोच. अक्का बाजारात गेली होती तेव्हा अण्णाने उत्तरेकडच्या बाजूचा झेंडू उपटून टाकला. नुसत्या लसणाने काय होतं ते सिद्ध करायला. अक्का परत आली, तिने उपटलेली रोपं बघितली आणि उरलेला दिवस परसात जे काही झालं त्याला बोलणं म्हणता येणार नाही. ससा अर्थातच आला नाही.

"झालं सिद्ध!" अण्णा घसा खाकरत म्हणाला.

दुसऱ्या दिवशी अक्काने दक्षिणेकडचा लसूण काढून स्वयंपाकघरात नेला. त्यावर आणखी दोन दिवस परस दणाणलं. ससा तेव्हाही आला नाही, त्यामुळे अक्काचंही सिद्ध झालं. मग आपापली बाजू बळकट करायला दोघं वेगवेगळ्या वेळी, एकमेकांना न सांगता, नर्सरीत गेले. अण्णाने पुदिना आणला. अक्काने रोझमेरी आणली. अण्णाने कांद्याची रोपं आणली. अक्काने उग्र वासाचा जिरॅनियम आणला. पुदिन्याचं तर बोट दिलं की हात धरतो असं काम, त्याने आठवडाभरात पायवाट गिळली आणि नळापर्यंत मजल मारली. परसात पाय ठेवला की नाकात झणका जायचा. दोरीवर वाळत घातलेल्या उशांच्या अभ्र्यांना लसणाचा वास, अण्णाच्या शर्टाला पुदिन्याचा. दूधवाला दारात आला की आधी शिंकायचा आणि मग दूध घालायचा.

या सगळ्या झाडांच्या गर्दीत मधला मटार मात्र सुखाने फुलला. पांढरी फुलं आली, चपट्या शेंगा लटकायला लागल्या. नर्सरीवाला एकदा मुद्दाम बघायला आला आणि वेलीसमोर थक्क होऊन उभा राहिला. त्या भागात ज्याच्या त्याच्या परसात सशांनी उच्छाद मांडला होता, आणि इथे एका पानाला दाताची खूण नव्हती.

आठवड्याच्या आत त्याच्या नर्सरीवर पाटी लागली : "सशाला न आवडणारी झाडं. अक्कांच्या खात्रीच्या पद्धतीने." पाटीवर आपलं नाव नाही म्हणून अण्णा दोन दिवस जेवताना तोंड फिरवून बसला. पण लोक बघायला यायला लागले तसा त्याचा राग निवळला. बाबांच्या पद्धतीवर तो अर्धा अर्धा तास बोलायचा, तेही मागखात्याच्या आवाजात. माणसं कानात बोटं घालून माना डोलवायची आणि जाताना रोपं घ्यायला नर्सरीकडे वळायची.

आणि शेंगा भरायला लागल्या त्याच सुमाराला छोटू आला.

रिक्षातून छोटू उतरला. सदरा आत माणूस नसल्यासारखा लोंबत होता. अण्णाने पुढे होऊन त्याची बॅग घेतली आणि नेहमीच्या आवाजात विचारलं, "प्रवास कसा झाला?" छोटू दचकला, त्याने छातीवर हात ठेवला आणि पायरीवर बसला.

अक्काने त्याच क्षणी ठरवलं. छोटूला आवाज सोसत नाही, हे तिला लहानपणापासून माहीत होतं. घरात चौघांचा कल्ला चालायचा आणि हा पुस्तक घेऊन पलंगाखाली शिरायचा. पुढे नोकरीसुद्धा त्याने अशी पकडली, की वाचनालयात कुणी खोकलं तरी याने ओठावर बोट ठेवायचं. त्याला आत निजवून तिने अण्णाला परसाच्या टोकाला नेलं.

"डॉक्टरने विश्रांती सांगितलीय. आजपासून या घरात हळू बोलायचं."

"हळू म्हणजे किती?" अण्णाने विचारलं. खिडकीत छोटूचं डोकं दिसलं आणि परत आत गेलं.

खरी अडचण अशी होती, की हळू बोलणं दोघांनाही येत नव्हतं. अक्का कुजबुजली तर अण्णाला फक्त ओठ दिसायचे. अण्णाची कुजबुज तर दारापर्यंत ऐकू जायची. पण गिरणीत वाढलेल्या माणसांना याच्यावर उपाय ठाऊक होता. तिथे यंत्रांच्या आवाजात कुणालाच काही ऐकू येत नसे, म्हणून सगळा कारभार हातांनी आणि ओठांनी चालायचा. साहेब आला, धागा तुटला, जेवायची सुट्टी झाली, अमक्याचं लग्न मोडलं, सगळं खुणांनी. दोघांची बोटं इतक्या वर्षांनी पुन्हा चालायला लागली आणि बघता बघता सरावली. छोटू गिरणीत कधी गेलाच नव्हता, त्याला त्यातली एकही खूण कळत नसे.

"शेंगा अजून दोन दिवस भरू देत, मग जाऊ वाफ्यात," अक्काने त्याला दारातून ओठ हलवून, जेमतेम आवाजात सांगितलं. छोटूने मान हलवली. खिडकीपाशी पलंग टाकला होता. घरात कपाला बशी लागण्याचा आवाजही येत नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी अक्का परसात गेली आणि किंचाळायच्या बेतात असताना तिने स्वतःच्याच तोंडावर हात दाबला. दोन वेली बुडापासून कुरतडलेल्या होत्या. पुदिन्याच्या गादीत एक गलेलठ्ठ ससा आरामात बसला होता, आणि त्याच्या तोंडातून झेंडूची एक पाकळी लोंबत होती.

ससा तिने हाकलला, पण माळापर्यंत न जाता तो रोझमेरीमागे थांबून राहिला. अक्काने अण्णाला बोलावून आणलं. मग खुणांचं जे भांडण झालं ते भल्याभल्यांना झेपलं नसतं. लसूण कमी पडला, अण्णाची बोटं म्हणाली. लसणानेच तो आला, अक्काची म्हणाली. अण्णाने आकाशाकडे हात केले, अक्काने कपाळावर हात मारून घेतला. दुपारी दोघांनी मिळून आणखी लसूण लावला, आणखी झेंडू लावला, मुकाट्याने. पाठ वळली की ससे परत हजर. आता एकाचे तीन झाले होते. माणसं आहेत पण आवाज नाही, म्हणजे हरकत नाही, असं त्यांनी ठरवलेलं दिसलं.

खिडकीतून छोटू हे सगळं बघत होता. परसाच्या टोकाला दोघं म्हातारी भावंडं उभी. हात उडतायत, माना हलतायत, अक्का मध्येच बाहीने डोळे पुसतेय. आणि हा दाराशी आला की दोघं एकदम थांबतात आणि दात दाखवून हसतात. छोटू वाचणारा माणूस. असे प्रसंग त्याने पुस्तकांत चिकार वाचले होते, आणि पुढे काय होतं तेही त्याला ठाऊक होतं. डॉक्टरने या दोघांना काहीतरी सांगितलं आहे आणि आपल्यापासून लपवलं आहे, याबद्दल त्याची खात्री पटली. रात्री त्याने दोन घास खाऊन ताट सरकवलं. दुसऱ्या दिवशी एकच.

हा खात नाही म्हणून अक्काच्या जिवाला घोर लागला. घोर लागला म्हणून तिने घर आणखी शांत केलं. दारांना तेल घातलं, दूधवाल्याला फाटकाबाहेर शिंकायला सांगितलं, नर्सरीवाला दोन गिऱ्हाइकं घेऊन आला त्याला ओठावर बोट ठेवून आत घेतलं. तो बिचारा चवड्यांवर चालत वाफ्यापाशी गेला. ऐन झेंडूत बसून ससा मटाराची शेंग सोलत होता. नर्सरीवाल्याने एकदा सशाकडे बघितलं, एकदा गिऱ्हाइकांकडे. मग कुणाशी एक शब्द न बोलता तो चवड्यांवरच परत गेला. संध्याकाळी पाटी उतरलेली होती.

तिसऱ्या दुपारी अक्का स्वयंपाकघराच्या दारातून बघते तर शेंगांनी लगडलेली शेवटची रांग हलत होती. ती अनवाणी धावली. पलीकडून अण्णा केरसुणी घेऊन धावला. ससा मधून निसटून पुदिन्यात शिरला. तू त्याला सोडलास, अक्काने हातांनी म्हटलं. तू वाट अडवलीस, अण्णाने केरसुणीने म्हटलं. तू लसूण लसूण करत राहिलास आणि माझ्या पोराच्या तोंडचा घास गेला, असं काहीतरी फार मोठं अक्काला सांगायचं होतं, पण त्याला गिरणीत खूणच नव्हती. तिचे हात हवेत तसेच राहिले. ती मातीत बसली आणि आवाज न करता रडायला लागली.

"काऽऽय चाललंय तुमचं?"

खिडकीत छोटू उभा होता. दोन्ही हातांनी गज धरून, गळ्याच्या शिरा ताणून तो ओरडला होता. असा आवाज याच्याजवळ आहे हे या घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. तो थेट बाबांचा आवाज होता. तो अण्णाच्या गिरणीने ठेवून घेतलेल्या कानालासुद्धा ऐकू आला. पुदिन्यातून एक ससा उडाला, रोझमेरीमागून दुसरा, झेंडूतून तिसरा, आणि तिघं माळावर असे पसार झाले की पाठोपाठ नुसतं गवत हललं.

"काय लपवताय माझ्यापासून? डॉक्टर काय म्हणाला? मी मरणार आहे का?"

"तू कशाला मरतोस?" अण्णा सवयीने गरजला. "मटार मरतोय!"

"काय?"

"मटार! ससे खातायत! तुझ्यासाठी लावलेला! आणि या बाईने मला ओरडायची बंदी केलीय!"

"तुला त्रास होतो म्हणून!" अक्का मातीतून उठली आणि तीन दिवसांचा साठलेला आवाज एकदम बाहेर पडला. "तुला आवाज सोसत नाही म्हणून गप्प बसलो होतो रे, मेल्या! कपसुद्धा हातात धरून धुतेय मी!"

छोटू बाहेर आला. पायांत चपला नव्हत्या, धाप लागली होती, पण चेहऱ्यावर कित्येक दिवसांत न आलेला रंग आला होता. तो वाफ्याच्या कडेला बसला.

"मला वाटलं मी गेल्यातच जमा," तो म्हणाला. "हे घर असं गप्प कधी असतं का? मी पलंगाखाली पुस्तक घेऊन बसायचो ना, तेव्हा बाहेर तुमची आरडाओरड चालायची, आईबाबांची इथे परसात चालायची, आणि मला न बघता कळायचं की सगळे घरी आहेत. मग वाचताना भीती नाही वाटायची. आयुष्यभर शांततेत बसलो गं, अक्का. पगार घेऊन बसलो. इथे मी शांततेसाठी नाही आलो."

अक्काने हातांची माती पदराला पुसली. अण्णा मात्र माळाकडे बघत उभा होता, आणि त्याच्या कपाळावर हळूहळू आठ्या पडत होत्या.

"अक्का, बाबा इथे बसायचे तेव्हा आई वेलींच्या पलीकडे काय करायची?"

"दिवसभरात खात्यात काय झालं ते सांगायची."

"कसं सांगायची?"

अक्काने आठवलं. बाबा वाफ्यात वाकलेले, आई कप घेऊन पलीकडे, आणि मधल्या दोन हातांच्या अंतरातून चाललेलं ते बोलणं, जे गिरणीच्या फाटकावर पहारेकऱ्याला ऐकू जायचं. बाबांची उत्तरं त्याच्याही पुढे. रोज संध्याकाळी, अंधार पडेपर्यंत.

"म्हणजे लसूण..." ती म्हणाली.

"आणि झेंडू..." तो म्हणाला.

एवढा लसूण, एवढा झेंडू, नळापर्यंत गेलेला पुदिना, आणि सशांना पळवत होते ते आईबाबा. अक्काला हसूही आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं, आणि आधी कुणाला वाट द्यावी ते कळेना.

तेवढ्यात बाजूला टच्कन आवाज झाला. छोटूने एक शेंग तोडली होती. अंगठ्याने दाबून त्याने ती उघडली, आतले दाणे जिभेने ओढून घेतले आणि डोळे मिटून चावले. अक्काने श्वास रोखला. अण्णानेसुद्धा रोखला. छोटूने दुसरी शेंग तोडली.

मग तिसरी. मग तो उठला आणि वेलींच्या कडेने सरकायला लागला. पाहुण्यासारखा एक एक दाणा नाही, लहानपणी खायचा तसाच, हावऱ्यासारखा, साली मागे टाकत. सशांनी सोडलेल्या रांगेचं टोक संपलं तसा तो वळून दुसऱ्या बाजूने परत निघाला. ऊन कललं तरी त्याचं चालूच होतं.

"अगं अक्का, हा सगळ्याच संपवतोय!" अण्णा ओरडला.

"खाऊ दे!"

"निदान बियाण्यापुरत्या चार ठेवायला सांग! मला एक दाणा चाखायला मिळालेला नाही!"

"खाऊ दे म्हटलं ना!"

"अगं, याच्यापेक्षा ससे परवडले! ते पानं तरी खात होते, हा नुसत्या शेंगा वेचून खातोय!"

छोटूने वेलीआडून डोकं बाहेर काढलं. हनुवटीवर हिरवा रस होता. वेलीवर आता शोधूनही शेंग सापडली नसती, आणि तो अजून शोधत होता.

"संपला गं, अक्का," तो म्हणाला. "आता पुन्हा कधी पेरायचा?"

"उद्या," अक्का म्हणाली. पण इतक्या हळू, की अण्णा "काय म्हणाली? काय म्हणाली ती?" असं कितीतरी वेळ विचारत राहिला.